जनरेटर उतरवताना

जबल अखदरच्या हॉटेलातलं भंगार खाली आणायचं:
सहा एसी, गजांची एक मोळी
आणि एक मेलेला जनरेटर,
ज्याचं वजन कुणालाच ठाऊक नाही.
अरबाब म्हणाला, टनभर असेल.
पाटे वेगळंच सांगत होते.
गाडी मागून बसली उंटासारखी,
हेडलाइट आभाळ बघू लागले,
स्टिअरिंग हातात हलकं,
नको तेवढं हलकं.

मुअज्जम शेजारी. खेडचा. पंधरा दिवसांपूर्वी आलेला.
पहिल्याच वळणाला त्याचा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबू लागला.
म्हटलं, अरे, ब्रेक पायात नसतो,
तो मागच्या अर्ध्या किलोमीटरात असतो.
लो रेंज टाक, इंजिनला बोंबलू दे.
दाबायचं, सोडायचं. दाबून धरलंस
तर चकत्या तापतात,
मग पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली जातं
आणि गाडी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

हे मला कुरियाकोसने शिकवलं,
निझव्याच्या गॅरेजात,
एक निळी पडलेली चकती हातात देऊन.
कुणाच्या गाडीची, ते त्याने सांगितलं नाही.
मीही मुअज्जमला चकतीचं सांगितलं नाही.

सातव्या वळणावर शेळ्या.

दाबलं.
गाडी थांबली. जनरेटर थांबला नाही.
दोर करकरला, आणि त्याने
केबिनच्या पाठीवर एकदाच थाप मारली,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.
शेवटची शेळी बंपर हुंगून गेली.

"चाचा, चप्पल जळल्याचा वास येतोय."
"येऊ दे. थर्मास काढ."
पाऊण तास बसलो कडेला, डोंगराकडे तोंड करून.
चाकांवर पाणी ओतायला निघाला होता पोरगा,
हात धरला. तडकतात.

बिरकत अल-मौजच्या चौकीवर पोलिसाने
आधी पाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि दंडाचा कागद फाडला.
त्याचं बरोबरच होतं.

यार्डातल्या काट्यावर भरलं एक टन सहाशे.
अरबाब फोनवर हसला.

परतताना गाडी रिकामी, सिग्नल लाल.
थांबलो रेषेच्या कितीतरी अलीकडे;
पाय अजून भरलेलाच होता.
पुढे एवढी मोकळी जागा
की मागचे हॉर्न वाजवू लागले.

मुअज्जम झोपला होता,
तोंड उघडं,
उजवा पाय तळाला गच्च रोवून.