किटलीखाली ठेवलेली चिठ्ठी

तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही.
एजंट एवढंच म्हणाला, शुक्रवारी दुपारपर्यंत किल्ल्या दे.
चिठ्ठी हीटरवर ठेवणार होते,
पण हीटरवर काही ठेवायचं नसतं, ओला मोजासुद्धा नाही;
म्हणून किटलीखाली. ग्रीनॉकमध्ये घरात शिरलेला माणूस
आधी किटलीच शोधतो.

खिडकीखालची ती पांढरट पेटी. हसू नका तिला.
तिच्या पोटात विटा आहेत, खऱ्या, जड.
खालच्या मजल्यावरच्या टॉरन्सने एकदा पत्रा काढून दाखवल्या;
गोदीत चाळीस वर्षं वायरी ओढलेला माणूस,
म्हणाला, ही म्हातारी रात्री चरते
आणि दिवसभर रवंथ करते.

रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात वीज स्वस्त.
डावं बटण म्हणजे किती भरायचं,
उजवं म्हणजे किती सोडायचं.
एजंटला विचारू नका,
त्याला दोन्ही आवाजाची बटणं वाटतात.

पहिल्या हिवाळ्यात मलाही कळलं नव्हतं.
मी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
सकाळी आठला यायचे, खोली उबदार,
वाटायचं, काय शहाणं घर आहे!
चारला उठायचे तर विटा रिकाम्या,
स्वतःचा श्वास दिसायचा.
मग ते तिसरं, लाल बटण, झटपट उबेचं.
बिल आलं तीनशे बारा पौंड.
बाथरूममध्ये बसून वाचलं, कोट घालून.
रात्रीच्या माझ्या तासाला थोडे जास्त मिळतात,
विजेच्या तासाला बरेच कमी;
दोघी एकाच वेळी कामावर,
तरी हिशेब जुळेना.

तर, झोपताना उजवं बटण शून्यावर. घट्ट.
दुलई घ्या, पेटीला राखू द्या.
उठलात की उघडा, जरा जरा.
डावं मात्र उद्याच्या हवेवर लावायचं, आजच्या नाही.
थंडी वाजल्यावर ते फिरवणं
म्हणजे वरातीमागून घोडं.
मी रेडिओवर जहाजांसाठीचं हवामान ऐकते.
उत्तरेचा वारा म्हणाले की पाच,
नैर्ऋत्येचा असला तर तीन.
पाऊस काय, असतोच.

डाव्या बटणाशी पेन्सिलीची बारीक रेघ दिसेल,
तीन आणि चारच्या मध्ये. ती माझी नाही,
माझ्या आधीच्या कुणाची.
दोन वर्षं मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.
कुडकुडून, उधळून, वहीभर आकडे मांडून
बहुतेक रात्री मीही तिथेच येऊन थांबले.
पुसू नका.

लहान खोलीतली पेटी भिंतीवरूनच बंद ठेवा.
दाराच्या फटींना पट्ट्या मी लावल्यात, परवानगी काढून.
पेट्या बदलून द्या म्हणून मालकिणीला दोनदा लिहिलं;
उत्तर आलं तर तुमच्या नावावर घ्या.
एप्रिल संपला की स्विच बंद, सगळे,
नाहीतर मे महिन्यात खिडक्या उघड्या टाकून
क्लाइड तापवत बसाल.

आणि टॉरन्सला कधीतरी चहाला बोलवा.
त्याच्याकडे आता दाखवायला दुसरी पेटी नाही.

एक राहिलं.
सामान काल संध्याकाळीच गेलं,
मी कामावर जायची,
रिकामं घर तापवायचं काहीच कारण नव्हतं.
दिवा मालवला, जिना उतरले,
अर्ध्यातून परत आले
आणि डावं बटण रेघेपर्यंत नेलं.
मीटरचे आकडे आज सकाळी आठला लिहिले,
म्हणजे कालची रात्र माझ्याच बिलात.

शिळी ऊब आहे, पण पुरेल संध्याकाळपर्यंत.
कोट लगेच काढू नका.
आधी उजवं बटण.

एल्स्पेथ