नुकसानीचा अंदाज

कोगनोळीचा टोलनाका मागं पडला आणि फोन म्हणाला,
कर्नाटकात आपलं स्वागत आहे.
मी म्हणाले, थांब, एक क्लेम पास करायचाय.
मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर नाशिकची निळी गाडी,
मागचा दिवा फुटलेला,
आणि खिडकीबाहेर निपाणीची तंबाखू,
जी मी पाहिली असं हेरंब म्हणतो.

जांबोटीत खोली मिळाली रुद्रव्वांच्या माडीवर.
खाली पिठाची गिरणी. दहा ते बारा ती चालते,
तेवढा वेळ मी म्यूटवर,
आणि पुण्यात कुणाला कळत नाही
की माझ्या गप्प बसण्यात कुणाची तरी नाचणी दळली जातेय.
रेंज एकाच कोपऱ्यात, फणसाच्या बाजूला.
टेबल तिथं, खुर्ची तिथं, पाठ डोंगराला.
डोंगर मला दिसायचा तो स्क्रीनवर,
माझ्याच खांद्यामागं.
मग कुरियन साहेबांनी विचारलं, सहलीला गेलात की काय?
तेव्हा मी डोंगरावर पुस्तकांचं कपाट टाकलं.

रजा नऊ होत्या. आठ अन्वयच्या तापात गेल्या.
हे असं नाही, तर हे नाहीच,
इतका साधा हिशेब.
आणि सकाळचा तास आमचाच असतो:
लॉग-इनच्या आधी स्टँडवर उभं राहून
आम्ही खानापूरच्या गाडीची पाटी वाचतो.
त्याला कन्नड येत नाही, मलाही,
तो मात्र न अडखळता वाचतो.

दुपारी तो आला ओल्या पायांनी,
माझ्या मागं उभा राहिला.
सॉफ्टवेअरला ठरवता येईना
हा माणूस की पार्श्वभूमी.
आधी कान गेला. मग हात, कोपरापर्यंत.
उरलेल्या बोटांतला चपटा दगड
कपाटाच्या तिसऱ्या फळीवर तरंगत राहिला.
मी जळगावच्या एका बॉनेटबद्दल बोलत होते.
वाक्य पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी ते दोघं कणकुंबीला गेले,
मलप्रभा जिथून निघते तिथं.
फोटो एकदम आले, एकवीस:
कुंड, पायऱ्या, हेरंबचा अंगठा, पुन्हा कुंड,
आणि एक गुडघा.
मी सवयीनं मोठा केला.
वरच्या थराला ओरखडा, दोन इंच.
आतला सांगाडा शाबूत.
दुरुस्ती जागेवर शक्य.
इतकं सगळं मनात टाईप होऊन गेलं
आणि मग सुचलं, रडला का?
तो मेसेज एका टिकवर अडकला
संध्याकाळी ते जिना चढेपर्यंत.

"दिवसभर काय करालाय हो ताई, त्या डब्याफुडं?"
"फुटलेल्या गाड्या बघते."
"कुणाच्या?"
"लोकांच्या. लांबच्या."
रुद्रव्वांनी भात वाढता वाढता विचार केला.
"मग बऱ्या होतात काय, तुम्ही बघिटल्यावर?"

त्या वाढायला लागल्या की थांबत नाहीत.
नको म्हटलं तर वाढतात, बस म्हटलं तर वाढतात,
नातीनं अन्वयला शिकवलं:
ताटावर हात आडवा धरायचा आणि म्हणायचं, साकु.
पुरे.
त्या एकाच शब्दाला त्या ऐकतात.
तीन दिवस तो सगळ्याला साकु म्हणत होता,
दुधाला, झोपेला, हेरंबच्या विनोदांना.

चौथ्या रात्री मी फायलींत होते, दिवा घालवून,
तोंडावर तेवढा निळा उजेड.
मला वाटलं, झोपलाय.
तो उठून आला. गुडघ्यावर हळद.
कीबोर्डवर हात आडवा धरला,
ताटावर धरतात तसा.
"आई, साकु."

तीन राहिल्या होत्या.
त्याचा हात न हलवता
मी त्याच्या बोटांच्या फटींतून दोन पास केल्या.
तिसरी धुळ्याची होती, डावं दार चेपलेलं,
गाडीत कुणी नव्हतं.
तिला म्हटलं, उद्या.