आश्चर्याचे शॉट

केवलकाका हेडाऊ मार्च ते जून
कूलरच्या आत राहतात.
म्हणजे अर्धे. डोकं आत, पाय गच्चीवर,
आणि पान्हा घेऊन मी बाहेर.
जुनं गवत उपसायचं, टाकीतला क्षार खरवडायचा,
पंपात अडकलेलं कबुतराचं पीस काढायचं,
आणि हे सगळं होताना आतून गाणं येतं.
पत्र्याच्या पेटीत आधी घुमतं,
मग जाळीतून गाळून,
ओल्या खसाचा वास लागून घरात शिरतं.
त्रिमूर्तीनगरच्या एका बाईंनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं होतं :
दुरुस्ती नीट नाही झाली,
आता नुसताच वारा येतो.

फॉर्म मीच भरला.
नाव, वय, व्यवसाय, संघर्ष.
संघर्षाला अर्धं पान जागा.
काका म्हणाले, काय लिहितं गा?
मोटर जळते, लिही.

सिव्हिल लाइन्सच्या हॉलमध्ये एसी इतका
की काकांनी शर्टाची वरची गुंडी लावली.
कानाला हेडफोन लावलेली एक पोरगी आली,
गुंडी उघडली, चेहऱ्याला पावडर फासली,
आणि काकूनं इस्त्री केलेल्या बाहीवर
दोन बोटं ग्रीस.
थैली खांद्यावर राहू द्या काका,
पान्हा दिसला पाहिजे.

गाणं नंतर होतं.
आश्चर्य आधी.
तिन्ही परीक्षकांनी रिकाम्या स्टेजकडे बघून
आधी कपाळाला आठ्या घातल्या,
मग तोंडं उघडली.
एका मॅडमनी डोळे पुसले;
लाइट चुकला म्हणून पुन्हा पुसले.
आम्हा दोनशे जणांना उठवलं, बसवलं, उठवलं.
तू घरचा ना, मला म्हणाले,
तू जास्त कर.
मी केलं.
तेवढं मात्र काकांना अजून सांगितलेलं नाही.

मग ते गायले.
आजीचं होतं, हातमागावरचं,
गोळीबार चौकातल्या त्या अंधाऱ्या खोलीतलं.
धोटा इकडून खट्, तिकडून खट्,
आणि मधल्या फटीत शब्द.
माग कधीचाच सरपणात गेला.
पण काका त्या खट्ची जागा
अजून रिकामी ठेवतात.
तबलेवाल्यानं पहिल्यांदा ती भरली,
दुसऱ्यांदा हात उचलला
आणि तसाच मांडीवर ठेवला.
पोरीनं एका कानावरचा हेडफोन सरकवला.
चहाचा ट्रे घेऊन निघालेला माणूस
दोन खुर्च्यांच्या मध्ये उभा,
कप भरलेले, वर साय धरत चाललेली.
कॅमेरे सगळे स्टेजकडे होते.
हे कोणी घेतलं नाही.

एप्रिलमध्ये दाखवलं.
गाणं चाळीस सेकंद,
तोंडं त्याहून जास्त.
दुसऱ्या सकाळपासून फोन.
बापा, तुम्ही गाता? कधी बोलले नाही!
एकवीस वर्षं ज्यांच्या खिडकीत डोकं घालून गायले
ते लोक.
काका प्रत्येकाला तेच सांगत होते,
हो जी, पंप चालते का बरोबर?

पुढच्या फेरीला मुंबईला बोलावलं.
त्यांचा सीझन होता.
आमचाही.
चव्वेचाळीसवर पारा, पस्तीस कूलर बाकी,
काका म्हणाले, त्यांना म्हणा पावसाळ्यात ठेवा.
पलीकडून कोणीतरी हसलं,
आणि फोन ठेवला.

आता गच्चीवर माणसं येऊन उभी राहतात.
मोबाईल समोर धरून,
चेहऱ्यावर आधीपासूनच तयारी.
आतून नुसता खरवडण्याचा आवाज.
थोडं थांबतात,
ऊन लागतं, जिना उतरतात.
शेवटच्याच्या चपला वाजायच्या थांबल्या
की मी पान्ह्यानं पत्र्यावर
एकदाच ठोकतो.
खट्.

आत खरवडणं थांबतं.