आठ बाय चारचा पत्रा

पत्रा आला तालुक्याहून, ट्रॅक्टरवर आडवा बांधून.
सोबत एक कागद : कुडेबांध, प्रेक्षणीय स्थळे,
ओळी सात, अक्षर तीन इंची, निळ्यावर पांढरं,
मजुरी अकराशे. ब्रश आपापला.

मी रुसन मारबते. आजवर रंगवले
डोंग्यांवरचे नंबर, मासेमार सोसायटीचं कपाट,
दंडारीचा एक पडदा, ज्यात राजवाडा थोडा तिरपा झाला.
गाव लिहायचं काम कधी पडलं नव्हतं.

पहिली ओळ सोपी. पुरातन शिवमंदिर.
चुन्याशिवाय रचलेले दगड,
नंदीची मान तुटली होती, सिमेंटनं जोडली,
तेव्हापासून तो पिंडीकडं न बघता
तलावाकडं बघतो.
हे लिहायला जागा नाही.

दुसरी : ऐतिहासिक तलाव.
ऐतिहासिक म्हणजे कधीचा, साहेबांनी फोनवर विचारलं.
पाळीवर बसलेले फागोजी कापगते म्हणाले,
सांग त्याहिले, आमच्या पणज्याचा पणजा
इथं माती वाहायचा.
साल सांगा, साहेब म्हणाले.
साल कोणाकडं नाही. तुडूम आहे ना जी,
या, गळ्याइतक्या पाण्यात उतरा, हात घाला,
लाकूड अजून कुजलं नाही.
फोन कटला.
साल न टाकता ओळ संपवली.

तिसऱ्या ओळीत सलंग.
भादव्यात तलाव भरला की चार दिवस
तिच्यावरून पाणी उडी घेते, पोरं खाली टोपल्या धरतात,
दाडक, शिंगूर, कधी एखादी हट्टी मरळ.
कागदावर तिचं नाव धबधबा.
मी धबधबा लिहिलं. अकराशे रुपये आहेत.

मागल्या हिवाळ्यात नागपूरच्या एका जोडप्यानं
गाडीची काच खाली करून विचारलं होतं,
इथं बघण्यासारखं काय आहे?
सगुणाबाई तेव्हाच पाण्यातून वर आल्या होत्या,
सोबत सात बाया, कमरेपर्यंत चिखल.
दिवसभर त्यांनी बेशरम उपटली होती,
गाद लावली होती, चिला लावला होता,
मासळीला अंडी टाकायला घर हवं म्हणून.
म्हणाल्या, काही नाही जी. मंदिर आहे.
आणि रिकाम्या टोपलीवर पदर ओढला.

चौथी, पाचवी, सहावी मी घाईत लिहिली.
त्यात एक झाड आहे, एक विश्रामगृह, ज्याला दार नाही,
आणि एक जागा, जी मलाही सापडलेली नाही.

सातवी : सारस पक्षी (चित्रासह).

पाच वर्षं झाली, सारस उतरला नाही.
तरी मी काढला, आठवणीतून,
लांब पाय, राखी अंग, मानेला लाल.
इंदलबुवा जाळं विणत होते, सुई थांबली.
एकटा नको काढू रे बाप्पा.
जोडीतला एक गेला की दुसरा दाणा सोडते.
बुवा, जागा संपली.
मंग हाबी खोड.

रात्री झोप आली नाही.
टॉर्च दातांत धरून पत्रा उलटा केला,
मागच्या कोऱ्या जस्तावर
दुसरा सारस काढला, उरलेल्या रंगात,
म्हणून तो जरा जास्त निळा.

फाट्यावर पाटी उभी झाली.
तोंड डांबरी रस्त्याकडं, पाठ तलावाकडं.
गाडीवाले पुढचा बघतात.
जाळी खांद्यावर घेऊन घरी निघालेले
मागचा.

परवा मोनाली, चौथीतली, पाठीमागं उभी राहिली.
काका, याची जोडी कोठी गेली?
पलीकडं आहे, म्हटलं, फिरून जा.
ती फिरून गेली. बराच वेळ आली नाही.
एकेक अक्षर जोडत सातही ओळी वाचत होती,
मोठ्यानं, धबधब्यापाशी थोडी अडखळून.

मग पत्र्याच्या काठावरून डोकं काढून म्हणाली,
गाव चांगलं दिसते जी.
कोठी आहे हे?