जादा चष्मा

गड्ड्याच्या जत्रेत दारूकाम बघताना
मला एकेक दिवा शेवंतीएवढा दिसायचा,
पाकळ्या सुटलेला.
वाटायचं, सगळ्यांनाच असा दिसतो,
म्हणून तर टाळ्या वाजवतात.

आठवीत शाळेत डोळे तपासायला आले.
रांगेत माझ्यापुढे पद्मा म्हंता.
तिनं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली.
मी ती पाढ्यासारखी पाठ केली
आणि समोरच्या पांढऱ्या धुक्याकडे बघत
घडाघडा म्हणून टाकली.
"सहावर सहा," बाई म्हणाल्या.
मग वर्षभर फळ्यावरचं सगळं
मी पद्माच्या वहीतून उतरवलं.

कारण आमच्या घरात ‘छाट’ हा शब्द
मी अक्षरांच्या आधी शिकले होते.
अम्मा हजार बिड्या वळून कारखान्यात न्यायची,
चेकर दोन बोटांनी चाळायचा.
पान फाटलंय, छाट.
तोंड नीट मिटलं नाही, छाट.
त्यांचे पैसे नाहीत.
मला विमान चालवायचं होतं
आणि माझं तोंड नीट मिटलेलं नव्हतं,
एवढं मला कळत होतं.

नान्ना सहा माग एकटा बघायचा.
दोन हजार दोऱ्यांतला एक तुटला
की खडखडाट कुठे लंगडतो
हे त्याला पाठ वळवूनही समजायचं.
एकदा सुट्टीत डबा द्यायला गेले,
त्यानं तुटकं टोक हातात दिलं, म्हणाला, गाठ मार.
मी दोरा नाकाला लावला.
तो काही बोलला नाही.
माग बंद केला,
पाळीच्या मध्यात, पहिल्यांदाच.

नव्या पेठेत बागवानांचं दुकान.
उणे सव्वातीन, दोन्ही डोळे.
बाहेर आले तर पाट्यांवर तीन-तीन लिप्या होत्या,
तारेवरच्या पारव्याला मान होती,
आणि नान्नाच्या भुवयांवर कापसाचा तूस.
इतकी वर्षं मला वाटायचं,
पिकल्यात.

मग पुष्कळ वर्षं. दोन माग विकले,
त्याबद्दल इथे लिहीत नाही.

"चष्मा काढा. शेवटची ओळ वाचा."
पद्माची ओळ जिभेवर आलीच,
इतक्या वर्षांनी, तश्शी.
मी म्हणाले, दिसत नाही.
"तिच्या वरची?"
नाही.
"सगळ्यात वरचं अक्षर?"
काहीतरी काळं आहे.
"आता घाला."
मी खाली खाली वाचत गेले,
कोपऱ्यातलं छापखान्याचं नावसुद्धा.
डॉक्टर हिरेमठ हसले नाहीत.
कागदावर लिहिलं :
चष्मा लावूनच उड्डाण करावे.
सोबत जादा चष्मा बाळगावा.
मी कागद उलटापालटा करून
छाट शोधत राहिले.

अम्माला वाचून दाखवलं.
"जादा कशाला?"
पहिला फुटला तर.
"म्हणजे फुटतो, हे ठाऊक आहे त्यांना,"
ती म्हणाली
आणि सुपातलं पुढचं पान कापायला घेतलं.

आज दुपारी होटगी रोड.
मी उजव्या खुर्चीत. खिशात जादा चष्मा,
बरगडीला टोचणारा.
तलावाचं पाणी चिंध्याचिंध्यांचं,
ऊस, मग पत्र्यांची छपरं,
गच्च्यांवर वाळत टाकलेल्या चादरी,
आणि काचेत धावपट्टी, ताणलेल्या ताण्यासारखी,
एकही दोरा न तुटलेली.
चाकं टेकली. कॅप्टन म्हणाले, छान.
मी पाणावलेला चष्मा पुसला.
तेवढ्यात सोलापूर सगळं शेवंती झालं
आणि परत सोलापूर.

नान्नाचा फोन. त्याला आता मोतीबिंदू.
"गच्चीवर होतो. दिसलास नाहीस."
मलाही तू नाही दिसलास, नान्ना.
"ऐकलं पण.
डावीकडचा आवाज जरा लंगडत होता.
बघून घे."

काही नसणार, हे मला माहीत होतं.
तरी इंजिनियरला सांगितलं.
तो हसला,
टॉर्च घेतली,
आणि डाव्या पंख्याखाली वाकला.