दिवस मावळायच्या आत

अण्णा दिवस मावळल्यावर खात नाहीत,
म्हणून आमचं फॉन्ड्यू साडेपाचला.
सुव्रता म्हणाली, असलं काही मेणबत्तीच्या उजेडात करतात, आई.
म्हटलं, राजारामपुरी आठव्या गल्लीत
पश्चिमेच्या खिडकीच्या उजेडात करतात.

फळं कपिलतीर्थच्या मंडईतली:
वेलची केळी, चिकू, अननसाच्या फोडी,
स्ट्रॉबेरीचा एक डबा, वरचा थर लाल, खालचा पांढरट,
विकणारा ओळखीचा, तरीही.
अंजीर नाही. अंजिरात जीव असतात.
मग स्ट्रॉबेरीच्या तर बिया बाहेरच आहेत की, सुव्रता पुटपुटली.
अण्णांनी एक उचलली, चष्मा कपाळावर चढवून पाहिली.
"हिनं निदान लपवलं तरी न्हाई," म्हणाले,
आणि परत ठेवली.

चॉकलेटचं वेष्टन त्यांनी दोनदा वाचलं.
हिरवा ठिपका मला दाखवला,
जसा काही मीच छापलाय.

लांब दांड्याचे काटे घरात नव्हते.
आईच्या विणायच्या सुया निघाल्या, दहा नंबरच्या,
अर्ध्या बाहीसकट.
एकेक टाका मी दोऱ्यावर उतरवून घेतला,
सुया उकळत्या पाण्यात टाकल्या,
बाही पिशवीत.
कोणी काही बोललं नाही.

पातेल्यात पाणी, पाण्यावर वाटी, वाटीत चॉकलेट,
आणि माझ्या ओल्या मनगटावरून
एक थेंब. एकच.
सगळं एकदम आखडलं,
गिलाव्याच्या मालासारखं चमच्याला धरून उभं राहिलं.
दोनशे चाळीस रुपये, मी म्हटलं.
सुव्रता फोनवर उपाय शोधायला लागली.

अण्णा उठले.
रुकडीच्या गुऱ्हाळावर एकतीस हंगाम गुळव्या होते ते.
काहिलीकडे न बघता, मान जराशी तिरकी करून
बुडबुड्याचा आवाज ऐकायचे,
आणि म्हणायचे, उतरवा.
चार माणसं लगेच कडीला हात घालायची.
त्यांच्या बोटांवर आता ठसे उरलेले नाहीत,
पेन्शनच्या खिडकीतलं यंत्र
दर वर्षी त्यांना नाकारतं.

"आच काढ. दूध तापव. चमच्या-चमच्यानं दे.
ह्याला पाण्याचा राग न्हाई,
थोडक्या पाण्याचा राग हाय."

एक चमचा. दोन.
तिसऱ्याला ढेकूळ ढिलं पडलं,
चौथ्याला चमच्यावरून अखंड धार,
आणि धारेत ट्यूबलाइट.
"काकवी," अण्णा म्हणाले.
बाकी काही नाही. एवढंच.

मग खाल्लं आम्ही. चकत्या सुटून वाटीत पडल्या,
ज्याची पडेल त्यानं भांडी घासायची, सुव्रताचा नियम,
आणि सगळ्यात जास्त तिच्याच पडल्या.
लहानपणी अण्णा मला काहिलीत कच्ची पपई सोडून द्यायचे,
उसाच्या कांडक्याला टोचून.
हे मी सुव्रताला सांगणार होते,
तर ते स्वतःच सांगू लागले,
फक्त त्यांच्या गोष्टीत पपईच्या जागी केळं होतं
आणि माझ्या जागी आई,
लग्नानंतरच्या पहिल्या हंगामातली,
जीभ भाजलेली, तरी हसणारी.
मी दुरुस्त केलं नाही.

समोरच्या नव्या इमारतीनं सहानंतरचा सूर्य घेतलाय.
वाटीत अजून बोटभर चॉकलेट,
अण्णांच्या सुईवर अननसाची फोड, बुडवलेली, वर उचललेली.
"बघ गं, हाय का अजून?"
सुव्रता गच्चीवर पळाली.
वरून तिचा आवाज आला, जरा जास्तच मोठा:
"आहे! अर्धा आहे, अण्णा, खा!"

अण्णांनी मान जराशी तिरकी केली.
"उतरवा," म्हणाले,
आणि सुई ताटलीत आडवी ठेवली.

खाली गल्लीत दिवे लागले होते.
फोडीवरचं चॉकलेट
हळूहळू घट्ट होत गेलं.