आठ बाय दहा

एकतीस वर्षं मी चादरींमधली खोट शोधली
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात,
ट्यूबलाइटखाली, बोटांनी.
तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग.
खडूनं गोल करायचा
आणि पुढं.

आता जुळे सोलापुरात
आठ बाय दहाची हिरवळ आहे.
नळ पाचव्या दिवशी येतो,
त्यातल्या दोन बादल्या तिच्या.
सुगुणा म्हणते, एवढ्यात चार माणसांची आंघोळ होईल.
चार माणसं आता आहेत कुठं,
हे मी म्हणत नाही.

भादव्यात एक डाग पिवळा पडला.
ताटलीएवढा. मग परातीएवढा.
मी पाणी वाढवलं, डागही वाढला.
साळुंक्या रोज नेमक्या तिथंच चोच मारायच्या,
मला वाटायचं, ह्याच नासधूस करतात.

खतवाला बिराजदार म्हणाला,
साबणाचं पाणी ओता, पानं खाणारी अळी असली तर वर येईल.
दहा मिनिटं उकिडवा बसलो.
एक मुंगळा आला, चिडलेला.
वाळवी म्हणावी तर मातीची नळी कुठं दिसेना.

मग गवत मुठीत धरून ओढलं
आणि ते आलं की हो सगळं,
घडीवरची चादर उचलावी तसं.
खाली मूळ म्हणून नाही.
ताणा खालूनच कातरलेला.

मातीत हुमण्या,
करंजीसारख्या वळून निजलेल्या,
तांबूस डोकं, सहा पाय,
शेपटाकडं पोटातली माती काळी दिसते.
एक तळहातावर घेतली. गार.
एवढ्याशा तोंडानं एवढं काम.

लाल त्रिकोणाची बाटली बिराजदारानं पुढं केली.
साळुंक्या आठवल्या. परत दिली.
निंबोळी पेंड घेतली,
हिरव्या बुरशीची पूड शेणखतात कालवली,
दिवस मावळताना ओल्या मातीत मिसळली.
हिचे भुंगेरे कडुनिंबाचाच पाला खातात म्हणे,
आमच्या गल्लीतल्या दिव्याजवळच्या.
असू दे. पुढच्या वर्षी रात्री फांद्या हलवू,
खाली रॉकेलपाण्याची बादली ठेवू.

डागाभोवती चुन्यानं गोल केला.
या वेळी पुढं गेलो नाही.
खुरप्यानं उकरतोय, ताटलीत टाकतोय,
कुंपणावर साळुंक्या रांगेत.
सुगुणा पायरीवर बसून तेलुगूत मोजते,
नलभै ओकटि, एकेचाळीस,
मध्येच चुकते,
आणि पहिल्यापासून सुरू करते.